संगणक आहे, संगत हवी

भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याला आपले धान आधारभूत खरेदी केंद्रावर विकावयाचे असेल, तर पोती गाडीत भरण्यापूर्वी त्याला संगणकाचा उंबरठा ओलांडावा लागतो. सात-बारा, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते यांची ऑनलाइन नोंदणी झाल्याखेरीज धानाचे माप होत नाही. बांधीत काय लावले आहे याची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे त्याने स्वतःच भ्रमणध्वनीवरून करावी, अशी अपेक्षा आहे. त्याच्या मुलीची शिष्यवृत्ती, वडिलांचा दाखला, घरकुलाचा अर्ज हे सारे त्याच वाटेने जाते. शाळेतील शिक्षकाचे वेतन ‘शालार्थ’मधून निघते, कचेरीतील लिपिकाचे ‘सेवार्थ’मधून. महाविद्यालयातील विद्यार्थ्याला प्रवेशअर्जापासून गुणपत्रिकेपर्यंत एकही काम संगणकाला टाळून करता येत नाही.

संगणक हवा की नको, हा वाद अशा रीतीने केव्हाच निकालात निघाला आहे. एके काळी तो वाद फार तीव्र होता. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार होण्यास १९८३ साल उजाडावे लागले, आणि रंगराजन समितीच्या शिफारशींनंतरच बँकांत संगणकाची पावले हळूहळू पडू लागली. नोकऱ्या जातील, ही तेव्हाची भीती होती. आजची अडचण वेगळी आहे. यंत्र दारात आले, अंगणात आले, खिशातही आले. पण ते अडले की विचारावे कोणाला, या साध्या प्रश्नाची सोय मात्र कोणी केली नाही.

प्रमाणपत्राची मर्यादा

शिक्षणाची सोय झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्यानंतर ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग तालुक्या-तालुक्याला उघडले. लक्षावधी लोकांनी हा अभ्यासक्रम पूर्ण केला. शासकीय कर्मचाऱ्यांना तर तो सक्तीचाच झाला. प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ रोखली जाईल या धास्तीने पन्नाशीच्या घरातील शिक्षक आणि अव्वल कारकून मुलाच्या वयाच्या प्रशिक्षकापुढे बसले. पुढे २०१७ मध्ये केंद्र शासनाने ग्रामीण भागासाठी पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. प्रत्येक कुटुंबातील एका व्यक्तीला २० तासांचे शिक्षण द्यावे, अशी ती योजना होती. मार्च २०२४ मध्ये ती संपली तोवर ६ कोटींहून अधिक लोकांना शिक्षण दिल्याची नोंद झाली होती.

या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासून पाहावयास हवे. सायकल चालविणे एकदा आले की ते जन्मभर येते. संगणकाचेही तसेच आहे, असे हे गृहीतक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सायकलचा पायडल दर सहा महिन्यांनी जागा बदलत नाही. संगणकावरील खिडकी मात्र बदलते, संकेतस्थळ बदलते, परवलीच्या शब्दाचे नियम बदलतात, काल जेथे बटण होते तेथे आज काहीच नसते. ज्ञान शिळे होण्याचा वेग येथे इतका आहे की २० तासांची शिदोरी फार काळ पुरत नाही. वर्ग संपतो, प्रशिक्षक पुढच्या तुकडीकडे वळतो, आणि प्रमाणपत्र चौकटीत जाऊन बसते. नेमकी अडचण त्यानंतर सुरू होते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने २०१७-१८ मध्ये दिलेले आकडे या दृष्टीने बोलके आहेत. देशाच्या ग्रामीण भागात पाच वर्षांवरील व्यक्तींपैकी अवघ्या ९.९ टक्के लोकांना संगणक चालविता येत होता. शहरी भागात हे प्रमाण ३२.४ टक्के होते. ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता. त्यानंतरच्या वर्षांत भ्रमणध्वनी घरोघर पोहोचला हे खरे. परंतु पडद्यावर बोट फिरविता येणे निराळे आणि अर्ज भरता येणे, कागदपत्र जोडता येणे, चूक झाली तर ती दुरुस्त करता येणे निराळे. २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख वस्ती नोंदलेल्या भंडारा जिल्ह्यात पाचांपैकी चार माणसे खेड्यात राहतात. साक्षरतेचे प्रमाण तेव्हाच ८३ टक्क्यांच्या वर होते. म्हणजे अक्षर येते, पण अक्षर येणाऱ्यालाही दुसऱ्याच्या हाताने अर्ज भरून घ्यावा लागतो, अशी ही नवी निरक्षरता आहे.

दहा मिनिटांचे काम, दोन दिवसांचा खोळंबा

अडचणी किती किरकोळ असतात आणि त्यांनी किती वेळ खाल्ला जातो, याचे उत्तम उदाहरण मराठी अक्षराचेच आहे. तालुक्याच्या टंकलेखन संस्थेत रेमिंग्टन पद्धतीच्या कळपाटावर ज्यांची बोटे तयार झाली, त्यांनी संगणकावरही तीच पद्धत चालविणारे जुने फाँट स्वीकारले. त्या फाँटमध्ये पडद्यावर दिसणारे मराठी अक्षर हे संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरच असते. मराठी हा केवळ त्यावर चढविलेला पोशाख असतो. मजकूर दुसऱ्या कचेरीत गेला आणि तेथे तो फाँट नसला, की पोशाख उतरतो आणि अर्थहीन अक्षरांची रांग समोर येते. युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडविला, कारण त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने घडविलेला ‘मंगल’ फाँट त्यामुळेच विंडोजच्या संगणकांवर सर्वत्र उघडू शकला. युनिकोडसाठी इनस्क्रिप्ट ही कळपाटाची पद्धत आहे. आणि ज्यांना जुनी सवय सोडवत नाही त्यांच्यासाठी रेमिंग्टनच्याच कळांनी युनिकोड लिहिण्याची सोयही आहे.

हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने हे दहा मिनिटांचे काम. ज्याला ठाऊक नाही तो लिपिक तोच मजकूर पुन्हा टंकित करतो, किंवा कागद छापून, त्याचे छायाचित्र काढून पाठवितो, आणि पलीकडचा लिपिक तो नव्याने टंकित करतो. दोघांचे दोन दिवस जातात. आश्चर्य असे, की ज्याला हे ठाऊक असते तो बहुधा शेजारच्याच टेबलावर किंवा शेजारच्याच शाळेत असतो. ज्ञानाची टंचाई नसते. ज्ञान वाहून नेणारा पाट नसतो.

विचारण्याचा संकोच

हा पाट का नसतो? वेळ नाही हे एक कारण झाले. पण खरे कारण संकोच हे आहे. तीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षकाला ‘फाइल कोठे गेली?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारणे जड जाते. वरिष्ठ लिपिकाला कनिष्ठापुढे अज्ञान उघडे करावयाचे नसते. स्त्रियांची अडचण आणखी निराळी. घरातील यंत्रावर बहुधा मुलाचा किंवा नवऱ्याचा ताबा, आणि बाहेर विचारावे तर केंद्रावर पुरुषांची गर्दी. घरातील मुले मदत करतात, नाही असे नाही. परंतु ती ‘द्या इकडे’ म्हणून यंत्र हातात घेतात, चार ठिकाणी झरझर बोट लावतात आणि काम संपवून परत देतात. काम होते, पण शिकणे होत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच आर्जव आणि पुन्हा तेच ‘किती वेळा सांगायचे?’

या संकोचाची किंमत रोख मोजावी लागते. डिजिटल स्वाक्षरीच्या सात-बाऱ्याचे शासकीय शुल्क १५ रुपये आहे. पण तो काढण्यासाठी गावाहून तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, सर्व्हर बंद म्हणून घातलेली दुसरी खेप आणि केंद्रचालकाचा आकार यांची बेरीज केली तर ती त्याच्या कितीतरी पट भरते. ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्रांनी ही पायपीट काही प्रमाणात कमी केली. तरी तेथेही काम दुसऱ्यानेच करावयाचे असते. दुसऱ्याच्या हाती काम दिले की त्याबरोबर परवलीचा शब्द जातो, भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक जातो, अंगठ्याचा ठसाही जातो. बहुतेक केंद्रचालक सचोटीनेच काम करीत असतील. परंतु आपला गुप्त क्रमांक मोठ्याने वाचून दाखविण्याची सवय ज्याला एकदा जडली, त्याला अनोळखी माणसाच्या दूरध्वनीवरही तो वाचून दाखविण्यात काही वावगे वाटत नाही. फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक शासनाने दिला आहे. पण तो पैसे गेल्यानंतरचा क्रमांक आहे. जाण्यापूर्वी सावध करणारा माणूस जवळपास असावा लागतो.

एका गॅरेजमधील बैठक

संगणकाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. हे यंत्र सामान्य माणसाच्या घरी आले ते मंडळांच्या मार्गाने. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी जमली. ‘अल्टेअर ८८००’ नावाचा, सुटे भाग जुळवून तयार करावयाचा संगणक तेव्हा नुकताच बाजारात आला होता, आणि तो कसा चालवावा हे कोणालाच पुरते उमगले नव्हते. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या नावाने ही बैठक पुढे नियमित भरू लागली. कोणाला काय अडले ते सांगावे, कोणाला काय ठाऊक आहे ते त्याने द्यावे, सुटे भाग आणि आराखडे यांची देवघेव करावी, आणि बैठक संपल्यावरही उपाहारगृहात गप्पा चालू ठेवाव्यात, असा तिचा परिपाठ होता. स्टीव्ह वॉझ्नियाक पहिल्या बैठकीस हजर होते, आणि ‘ॲपल’चा पहिला संगणक त्यांनी याच मंडळींपुढे मांडला. १९८६ मध्ये हे मंडळ विसर्जित झाले, तोवर त्यातून एक नवा उद्योगच उभा राहिला होता.

कॅलिफोर्नियातील अभियंत्यांचे उदाहरण भंडाऱ्याला कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने नेदरलँड्सकडे पाहावे. तेथे १९७७ मध्ये स्थापन झालेले हौशी संगणक मंडळ कालांतराने सामान्य नागरिकांचे झाले. गावोगाव त्याच्या शाखा निघाल्या, आणि अनुभवी सदस्याने नव्या सदस्याची अडचण सोडवावी हेच त्याचे मुख्य काम ठरले. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट जमत आले आहेत. आपापले संगणक घेऊन एका जागी यावे, ज्याला येते त्याने दुसऱ्याच्या यंत्रावर प्रणाली बसवून द्यावी, आणि त्यासाठी दमडीही घेऊ नये, ही त्यांची रीत. मात्र ही मंडळे मोठ्या शहरांच्या आणि जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारशी आली नाहीत. ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज, त्या तालुक्यांच्या गावी अशा मंडळाची कल्पनाही पोहोचलेली नाही.

वारणेचा आणि तलावाचा धडा

यंत्र नेऊन ठेवले की पुढचे आपोआप घडते, हा समज महाराष्ट्राने एकदा तपासून पाहिला आहे. कोल्हापूर-सांगली भागातील वारणा परिसरात १९९८ मध्ये ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. बाजारभाव, शेतीचा सल्ला, जमिनीच्या नोंदी असे पुष्कळ काही त्यातून मिळावे अशी आशा होती. प्रत्यक्षात त्या संगणकांचा उपयोग मुख्यत्वे ऊस आणि साखर कारखान्याच्या हिशेबापुरताच राहिला. इतका, की पुढे काही गावांत तेच काम साध्या भ्रमणध्वनीच्या संदेशांवर करून पाहता आले. प्रकल्प मोठ्या सहकारी संस्थेचा होता, पैसा होता, यंत्रे होती. परंतु यंत्राभोवती जमून ‘याचे आणखी काय करता येईल?’ असे विचारणारा गावकऱ्यांचा गट त्या आराखड्यात धरलेला नव्हता.

हा धडा भंडाऱ्याला नवा नसावा. तलावांच्या या जिल्ह्यात कोहळी समाजाने शतकानुशतके तलाव आणि बोड्या बांधल्या. पाणी कोणाच्या बांधीत आधी जावे, पाळ कोणी दुरुस्त करावी, गाळ केव्हा काढावा, याचे गावाचे नियम होते. मालगुजारी संपुष्टात आणणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि तलाव शासनाकडे गेले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण तलावाभोवतीची जबाबदारीची व्यवस्थाही तिच्याबरोबर विसकटली. तलाव सर्वांचा झाला आणि म्हणून कोणाचाच राहिला नाही. अनेक तलाव गाळाने भरले. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातला, शाळेच्या कुलूपबंद खोलीतला संगणक आज त्याच वाटेवर आहे. त्याच्यावर साचणारी धूळ हा त्याचा गाळ.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार झालेला आहे. जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६५ मध्ये ‘क्लब’ या संस्थेचा आर्थिक सिद्धांत मांडला. काही वस्तू पूर्णपणे खाजगी नसतात आणि पूर्णपणे सार्वजनिकही नसतात. मर्यादित सभासदांनी खर्च वाटून घेऊन त्या एकत्र उपभोगणे हेच सर्वांच्या फायद्याचे असते. सभासद फार थोडे असले तर प्रत्येकावर बोजा वाढतो, फार झाले तर गर्दी होते. मधला कोठेतरी योग्य आकडा असतो. संगणकाच्या ज्ञानाला हा सिद्धांत चपखल लागू पडतो. ज्ञान दिल्याने आटत नाही, परंतु देणाऱ्याचे लक्ष आणि वेळ आटतात. म्हणून पाचशे जणांपुढील व्याख्यानाने हे काम होणार नाही आणि एकट्या-दुकट्याच्या शिकवणीने ते परवडणार नाही. वीस-पंचवीस जणांचे मंडळ हाच त्याचा योग्य घाट.

वाचनालयात एक संध्याकाळ

असे मंडळ कोठे असावे? त्यासाठी नवी इमारत नको, नवे महामंडळ तर नकोच. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य वाचनालये महाराष्ट्रभर आहेत. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि मोहाडी या सातही तालुक्यांनी याच सोयीवर उभे राहावे. वाचनालयाला जागा असते, बाके असतात, वीज असते, आणि मुख्य म्हणजे तेथे जाण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ, दोन तास, आणि एक वेळ केवळ स्त्रियांसाठी राखलेली, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. निवृत्त शिक्षक आणि लिपिक यांच्यापाशी वेळ आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपाशी चपळाई आहे. एकाला कचेरीचा अर्ज समजतो पण यंत्र समजत नाही. दुसऱ्याला यंत्र समजते पण ‘फेरफार’ म्हणजे काय ते ठाऊक नसते. दोघांना एका बाकावर बसविले की दोघेही शिकतात.

नियम थोडे पण कडक असावेत. मदत करणाऱ्याने यंत्राला हात लावू नये; सांगावे त्याने आणि करावे ज्याचे काम त्याने. कोणाचाही परवलीचा शब्द वा सांकेतिक क्रमांक कोणी विचारू नये, आणि कोणी तो सांगू लागल्यास तेथेच थांबवावे. अर्ज भरण्याचे पैसे घेऊ नयेत. वर्गणी वाचनालयात जमा व्हावी. प्रत्येक अडचण आणि तिचा उपाय एका वहीत मराठीत लिहून ठेवावा. वर्षभरात ती वही कोणत्याही छापील पुस्तकापेक्षा उपयुक्त ठरेल, कारण तिच्यातील प्रश्न त्याच गावचे असतील.

आणि चहा अवश्य असावा. ही थट्टा नव्हे. दिवाळीनंतर धानाची कापणी होते तेव्हा या जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक होते, पाहुणे येतात. तेथे सोयरिकी जुळतात, शेतीच्या गोष्टी होतात, वाद मिटतात. त्यांपैकी काहीही कार्यक्रमपत्रिकेवर छापलेले नसते. माणूस मोकळा बसला की मोकळा विचारतो. संगणक मंडळातील गप्पांचा अर्धा तास हा वाया गेलेला वेळ नाही; संकोच वितळण्यासाठी लागणारा तो वेळ आहे. तो कापला की मंडळाचा पुन्हा वर्ग होईल, आणि वर्ग तर आपल्याकडे होतेच.

आक्षेपांचा विचार

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आता यंत्रालाच मराठीत प्रश्न विचारता येतो आणि ते उत्तरही देते. मग मंडळ कशाला? उत्तर असे, की नेमके काय विचारावे हे ज्याला कळते त्यालाच यंत्राच्या उत्तराचा उपयोग होतो, आणि उत्तर चुकीचे असले तर ते ओळखण्यासाठीही कोणीतरी जाणता लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शासनाने आपले व्यवहार सोपे करावेत, नागरिकांनी मंडळे काढून शासनाच्या गैरसोयीला ठिगळे का लावावीत? हा आक्षेप रास्त आहे. खरेदी नोंदणीच्या ऐन गर्दीत बंद पडणारा सर्व्हर कोणतेही मंडळ सुरू करू शकणार नाही. परंतु अडचणींची वही येथेही उपयोगी पडेल. एकट्या शेतकऱ्याची तक्रार खिडकीवर विरते. सात तालुक्यांतील वह्यांमध्ये एकच अडचण शंभर वेळा नोंदलेली असेल, तर ती जिल्हाधिकारी कार्यालयाला दृष्टिआड करता येणार नाही. मंडळ हे शासनाला पर्याय नव्हे. ते नागरिकांच्या बाजूचे दप्तर आहे.

तात्पर्य, संगणकाच्या बाबतीत आपण यंत्रावर खर्च केला, परीक्षेवर खर्च केला, जाहिरातीवरही केला; खर्च केला नाही तो माणसांना एकत्र बसविण्यावर, आणि त्याला तर पैसाही फारसा लागत नाही. लागते ती वाचनालयाच्या एखाद्या चिटणिसाची इच्छा, दोन-चार निवृत्तांची चिकाटी आणि काही विद्यार्थ्यांचा उत्साह. पुढच्या खरिपाची धानखरेदी सुरू होण्यापूर्वी जिल्ह्यातील एका जरी वाचनालयात अशी संध्याकाळ भरू लागली, आणि दुसऱ्याच्या हाती भ्रमणध्वनी देऊन बाजूला उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांपैकी दहा जणांनी आपली नोंदणी आपल्याच हाताने केली, तर त्या दहा जणांचा तालुक्याचा हेलपाटा वाचेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या हंगामात ते आणखी दहा जणांना बाकावर बसवून घेतील.